सेल्फची मोटर उलटी फिरली

हॅलो?… हॅलो… हाव काका, जय भीम, जय भीम… ऐकू येऊन राह्यलं, बोला ना… मी, पौर्णिमा. बाबाचाच फोन आहे, मी उचलला…

नाई, बाबा इथं नाई सध्या… दुकानातच आहे मी. सिंदी मेघेलेच, आणखी कुठं जाऊ?… तुमची मोटर भेटली ना पण? परवा आर्वीच्या एसटीत ठेवली होती, कंडक्टरले सांगून… भेटली? स्वतःच गेले होते स्टँडवर?… काठी घेऊन, इतक्या उन्हात? काका, कोणाले तरी पाठवायचं होतं जी…

हां… हां… बसवली? कधी?… आज सकाळी. मग?… नाई झाली चालू?

थांबा. थांबा काका, एक-एक सांगा. बटण दाबलं की आवाजच येत नाई, का येते?… येते. कसा येते? नुसता टक्-टक्, का मोटर फिरल्याचा?… घूऽऽ असा. म्हणजे मोटर फिरून राह्यली… अन् इंजिन?… जागचं हलत नाई… नाई नाई, बॅटरी उतरली असती तं मोटर इतकी पळाली नसती…

हाव, माहीत आहे. किक मारून पाहा असं मी म्हणूनच नाई राह्यली. तुमच्या उजव्या पायानं किक बसत नाई, सेल्फ आहे म्हणून तं गाडी आहे… हाव… पन्नास वर्षांची झाली, तिचा तरी काय दोष…

काकू काय म्हणून राह्यल्या मागून?… गाडी विकून दोन बकऱ्या घ्या?… (हसू नका काका, बरोबर म्हणतात त्या. बकरी पेट्रोल पित नाई.) …त्यायले सांगा, बकरीवर बसून आर्वीले जाता येत नाई म्हणा…

बाबाले?… बाबा… बाहेर आहेत. आल्यावर… काका, आधी मले पाहू द्या ना काय झालं तं. असं करा, गाडीचं डाव्या बाजूचं झाकण काढा. तीन स्क्रू आहेत. पेचकस आहे ना?… आत ठेवला? जा, घेऊन या. फोन तसाच राहू द्या, मी आहे…

आई… अगं, तळेगावचे लहानूकाका. हात ठेवला आहे फोनवर, त्यायले ऐकू जात नाई… नाई, अजून नाई सांगतलं… माहीत आहे मले, तेवीस दिवस झाले बाबाले जाऊन. मोजूनच राह्यली आहे मी… आज सांगते म्हणलं ना! मोटर दिली की सांगायचं ठरवलं होतं, आता मोटरच चालेना तं… तू जा बरं घरी, मी सांगते…

हाव काका. आले?… काढलं झाकण? साखळी दिसते का आत, सायकलच्या साखळीसारखी, लहानी?… ती मोटरपासून इंजिनाकडं गेलेली आहे. काकूले म्हणा, बटण एकच सेकंद दाबा. तुम्ही नुसतं पाहा, बोट घालू नका आत… दाबलं?… साखळीची वरची बाजू कुठं पळाली? पुढच्या चाकाकडं, का मागच्या?… मागच्या. नक्की?… पुन्हा एकदा पाहा… काकूलेही विचारा… दोघंही मागच्याच म्हणता…

…

नाई, आहे ना मी. ऐकून राह्यली…

काका, मोटर उलटी फिरून राह्यली… हाव, उलटी. उलटी फिरली की आतला क्लच तिले पकडत नाई, सोडून देते. म्हणून मोटर पळते अन् इंजिन तसंच बसलेलं… नाई, तुमचं काई चुकलं नाई. बॅटरीच्या तारा उलट्या लावल्या तरी ही मोटर उलटी फिरत नाई. बांधतानाच झालं ते. तार गुंडाळताना, वायंडिंगमध्ये…

हाव… हाव, बाबाच्या हातून असं कधी झालं नाई… तीस वर्षांत एकदाही नाई, मले माहीत आहे… नाई, चष्म्याचं काई नाई काका… नाई, बाबाले रागवायचं काई काम नाई. ऐका ना… ऐका ना काका, ऐका. ती मोटर बाबानं बांधली नाई. मी बांधली.

मी. पौर्णिमानं… हाव, कॉलेजवालीनं… मस्करी नाई करून राह्यली…

जळकी तार बाबानंच काढली. फेरे मोजून वहीत लिहूनही ठेवले. चौदा खाचा, एका खाचेत सहा फेरे, तारेचा नंबर, सगळं. खाली लिहिलं, 'तार अंगाकडून वर, पल्याड खाली.' मी तसंच केलं. एक फेरा कमी नाई, एक जास्त नाई. पण बाबा डावखुरे, काका. ते आर्मेचर, मोटरच्या आतला फिरता भाग, उजव्या हातात धरत अन् तार डाव्या हातानं फिरवत. मी धरलं डाव्या हातात. अंगाकडून वर, पल्याड खाली, तंतोतंत. पण आरशात पाहिल्यासारखं. सगळे चौऱ्यांशी फेरे उलटे बसले…

नाई आलं ध्यानात. टेबलावर बॅटरी लावून पाहिली, तं फिरली. इतकी छान फिरली काका, मी आईले हाक मारून दाखवली. फिरते एवढंच पाहिलं. कोणत्या बाजूनं फिरते ते पाहिलंच नाई. एम.एस्सी. झाली मी, मोटरची दिशा डाव्या हातानंच काढतात आमच्या पुस्तकात, तीन बोटं अशी धरून. परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. मार्कही पुरे भेटले…

बाबानं कशी काय बांधू दिली?…

बाबा…

काका, तुम्ही उभे आहात का बसलेले?… बसा. नाई, त्या सीटवर नका बसू, झाकण काढलेलं आहे. बाजेवर बसा… काकू जवळ आहेत?… बसले?

काका, बाबा गेले.

नाई, चहाले नाई. …वारले, काका. तेवीस दिवस झाले.

…

हॅलो?… काका?…

…

काका, काकूले फोन द्या ना…

काकू?… हाव काकू, मी… हाव. खरं आहे… मंगळवारी… हार्ट. दवाखान्यापर्यंत नेणंच नाई झालं… पाणी द्या त्यायले. छातीत दुखते का विचारा… नाई म्हणतात? घाम?… बरं. तोंड काऊन फिरवून बसले?… काकू, तुम्ही नका रडू आता, आधी त्यायच्याकडं पाहा… हाव, द्या. मागत असतील तं द्या…

काका…

हाव. …हाव, बुधवारी तुमचा फोन आला होता. मीच उचलला… हाव, तुम्ही विचारलं, नागसेन जेवला का… अन् मी म्हणलं, जेवले… हाव… खोटं बोलली…

बोला. बोला ना, ऐकून राह्यली मी…

मातीले येता आलं नाई तुम्हाले. हाव… नाई, बुधवारपर्यंत माती होऊन गेली होती, पण तुमच्याच्यानं दुसऱ्या दिवशी तरी येणं झालं असतं… पुण्यानुमोदनाले येता आलं असतं. भंतेजी आले होते, सगळा मोहल्ला जमला होता. इथल्या आर्वी नाक्यावरचे मेस्त्री झाडून सगळे आले. तुम्हीच तेवढे नाई… हाव. माझ्यामुळं. मी काई म्हणत नाई काका. तुम्ही शिव्या दिल्या तरी काई म्हणत नाई…

काऊन?…

काऊन ते… सांगते. त्या बुधवारी सकाळपासून मी अकरा जणांले फोनवर सांगतलं होतं. बाबाच्याच फोनवरून, एकेक नाव काढून. कधी झालं, कसं झालं, कुठं नेलं. तेच ते, अकरा वेळा. अकरावा झाला तोवर माझ्या तोंडातून ते असं निघे जसं रेल्वेची अनाउन्समेंट. मलेच माझी भीती वाटली. तेवढ्यात तुमचा आला. तुम्ही हॅलोही नाई म्हणलं. 'नागसेन जेवला का, त्याले म्हणा घाई करू नको, माझी गाडी कुठं पळून नाई राह्यली.' …मी म्हणलं, जेवले.

काका, तेवढ्या वेळापुरतं बाबा खरंच जेवले होते. माझ्यासाठीही. साऱ्या जगात एक तळेगावचं घर होतं, जिथं बाबा अजून दुकानात बसले होते. ते एक घर मले मोडवेना. मग दुसऱ्या आठवड्यात तुमचा पुन्हा फोन, मी म्हणलं आर्मेचर लेथवर घेऊन गेले. मग म्हणलं, मोटरचे कार्बन आणायले हिंगणघाटले गेले… हाव, तेही खोटं. कार्बन मीच आणले…

नाई काका, माफ करा असं नाई म्हणून राह्यली. कोणत्या तोंडानं म्हणू… फक्त सांगून राह्यली.

…

कसं?… दुकानात. सकाळी पावणे अकरा. स्टुलावर बसूनच होते. तुमचं आर्मेचर मांडीवर, वही बाजूले. शेवटचं काय लिहिलं तं तेच, अंगाकडून वर. समोरच्या पंक्चरवाल्यानं पाहिलं, मान अशी खाली. त्याले वाटलं, तार मोजून राह्यले… हाव, त्यानंच घरी येऊन सांगतलं… नाई, दुखत-बिखत असल्याचं कधीच बोलले नाई. तुम्ही ओळखताच ना त्यायले…

तुमचं नाव? वहीत आहे ना. पानाच्या वरती 'लहानू' लिहिलं अन् खाली दोन रेघा मारल्या. बाकी गिऱ्हाइकांच्या नावाखाली एकच रेघ असते…

काका?… अहो काका… …मी आहे.

…

काय?… आता काय करू म्हणता?… गाडीचं? आज राहू द्या ना काका. मोटर पाठवा परत, मी सगळी सोडून नव्यानं… आजच? आत्ताच?… अहो पण आज कुठं पेचकस घेऊन बसता… बरं. बरं बरं, चिडू नका. सांगते.

पूर्ण सोडायची गरज नाई. मोटरच्या मागच्या टोपीचे दोन लांब बोल्ट काढा. टोपी ओढली की आत दुसऱ्या, न फिरणाऱ्या कॉइलची दोन टोकं दिसतील. एक टोक बाहेरच्या मोठ्या बोल्टाले कसलं आहे, दुसरं कार्बनच्या घराले. फक्त ती दोन टोकं एकमेकांच्या जागी लावा. बस. म्हणजे माझे उलटे फेरे अन् उलटी कॉइल, दोन्ही मिळून सुलटं… हाव, एकानं उलटं जायचं तं दुसऱ्यानंही जायचं… झाळ दिलेली नाई, स्क्रूनंच धरलेली आहेत, निघतील. आधी बॅटरीची तार सोडा. आधी ती. काळी… सोडली?

फोन स्पीकरवर टाका, बाजेवर ठेवा. काकूले म्हणा दिवा धरा… बॅटरी हो, टॉर्च… तुम्ही करा. मी बोलत राहते. …बोलू ना? का ठेवू?… बरं, बोलते.

काका, तुमची पहिली भेट माहीत आहे मले. बाबा शंभर वेळा सांगत. इथं दुकानासमोर, आर्वी नाक्यावर तुम्ही गाडी ढकलत चालले होते, अन् इतक्या शिव्या देऊन राह्यले होते की दुकानातून बाबा बाहेर आले. म्हणाले, भाऊ, शिव्या गाडीले देऊन राह्यला का पायाले? तुम्ही म्हणाले, दोघांलेही, एकच किंमत आहे. …हाव ना? असंच झालं होतं ना?… बाबा तुमचा आवाज काढून दाखवत…

धरणावरच्या साहेबानं जाताना तुम्हाले दिलेली गाडी. पूर्ण जिल्ह्यात दुसरी नसंन, असं म्हणत बाबा. तिच्या मोटरले लागणारं एकही सामान कुठं भेटत नाई. म्हणून बुश लेथवर बनवायचा, कार्बन दुसऱ्या मोटरचा घेऊन कानशीनं घासून बसवायचा. आई म्हणे, इतक्या वेळात चार नव्या गाड्यांचं काम झालं असतं. बाबा म्हणत, नव्या गाडीवाल्याले किक मारता येते…

काय?… कोणता बोल्ट नाई निघत?… खालचा. जोर नका लावू, माथा घासून जाईन. थोडं डिझेल टाका, दोन मिनिटं थांबा… काकू, दिवा जवळ धरा ना जी…

अन् एक सांगू काका? मोटर झाली की बाबा टेबलावर चालू करून डाव्या हाताचा अंगठा फिरत्या शाफ्टवर टेकवत. हळूच. लहानपणापासून पाहिलं मी. मले वाटे, थांबवायले टेकवतात. कधी वाटे, पाया पडल्यासारखं काई असंन. कधी विचारलंच नाई. आज तुम्ही साखळी मागं पळते म्हणाले तेव्हा समजलं. अंगठा कुठं ओढला जाते ते पाहत होते. दिशा तपासत होते. इतकं साधं… सतरा-अठरा वर्षं समोर बसून पाहिलं मी ते. नुसतं विचारलं असतं, बाबा हे काऊन करता, तं सांगतलं असतं ना त्यायनं…

निघाला बोल्ट?… छान. टोपी हळू ओढा, कार्बन उड्या मारतील, खाली स्प्रिंग आहेत… दिसली दोन टोकं?… हाव, कापडी नळी चढवलेली… पिवळी मी चढवली. बाबा काळी चढवत… लावा अदलाबदल करून… कसलं?… दोन्ही टोकं बॉडीले टेकत नाई ना, ते पाहा. टेकलं तं ठिणगी पडंन… बरं. टोपी… बोल्ट… आता बॅटरीची तार.

काका, आधी साखळी पाहायची. गिअर न्यूट्रल करा. काकूले म्हणा, एकच सेकंद…

…

पुढं?… पुढच्या चाकाकडं?… नक्की ना?… अन् इंजिन? इंजिन हललं?… हललं!

मग आता चोक ओढा, अन् दाबा. सोडू नका लगेच…

…

…हाव… ऐकू आलं… ऐकू आलं काका! झाली! …काका?… थोडं रेस कमी करा ना, काईच ऐकू येत नाई… काका, झाकण बसवा नाईतर तेल उडंन… हॅलो?… हॅलो, काका?… मी म्हणून राह्यली, झाकण…

…

काकू? …काका कुठं आहेत, आवाज दूर चालला… हॅलो?… काय?… निघाले? कुठं निघाले?… बनियनवरच?… अहो आवाज द्या त्यायले!… फाटकाच्या बाहेर?… झाकण तरी लावलं होतं का?… लावलं. बरं. वळले कुठं?… आर्वीकडं…

…

हाव काकू. इकडंच येत असतील. दुसरीकडं कुठं जातील…

पण इथं काईच नाई ना आता, काकू. बाबाचा फोटोही आईनं घरी लावला. एक स्टूल आहे अन् वही आहे… हाव, तेच पाहायले येत असतील… नाई, तुम्ही नका रडू. पेट्रोल आहे का टाकीत?… अर्ध्याच्या वर. मग पुरते. चपला?… घातल्या नाई… काठी?… तीही तिथंच…

मी आहे ना. जिथं उतरतील तिथून हात धरून आणीन. किती वाजले… सव्वा अकरा. सत्तर किलोमीटर, त्या गाडीनं दोन-सव्वादोन तास. दीडपर्यंत येतील… रागावले तं रागावू द्या, काकू. समोर येऊन रागावले तं बरंच आहे… आईले सांगते, त्यायच्यापुरतं जेवण ठेवजो म्हणून…

हाव, फोन तुमच्याजवळच राह्यला त्यायचा, मले समजलं. म्हणून ठेवते काकू आता. रस्त्यात कुठं गाडी थांबली तं कोणाच्या तरी फोनवरून लावतील, अन् मी तुमच्याशी बोलत बसली तं लागणार नाई… आले की सांगते. खरंच सांगते, काकू. खरंच. आले असतील तरच आले म्हणीन… हाव… ठेवते.